मरळीसाठी बास रॉड: तीन रॉड, एक वाईस आणि दोनशे ग्रॅमचं वजन

दिवाळी झाली, बंधाऱ्यात पाणी अडवायचे बरगे बसले आणि भोगावती नदीचं पाणी काठाच्या गवतात चढून निवांत थांबलं. मरळीचे दिवस सुरू झाले आणि माझ्याकडं धड रॉड नव्हता. जुना फायबरचा रॉड पावसाळ्यातच जोडापाशी चिरला होता. मग दोन महिन्यांत तीन नवे रॉड घेतले. तिन्हींवर 'बास रॉड' असंच छापलेलं. त्यातला एक भाच्याला दिला, एक विकला, एक ठेवला. कुठला का ठेवला ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं कुणालाही रॉडचं विचारलं की "भारीतला घे, भावा" यापलीकडं उत्तर मिळत नाही, आणि भारीतला घेऊन पस्तावलेली दोन माणसं माझ्याच ओळखीत आहेत.

बास हा मासा आपल्या नद्यांत नाही. तो मूळचा अमेरिकेतला. त्याच्या विक्रमाची गोष्ट मला फार आवडते: १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीनं २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, म्हणजे दहा किलोच्या वर, आणि त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं. तीही अमेरिकेत नाही, जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी केली. एवढ्या वेडापायी त्या माशासाठी जेवढ्या जातीचे रॉड बनले तेवढे दुसऱ्या क्वचितच कुठल्या माशासाठी बनले असतील. आपल्याला त्यातले चालतात, कारण मरळ वागते साधारण तशीच. गवताच्या आडोशाला दबा धरते, वरून बेडूक गेला की फोडते, आणि गळ लागला की सरळ मुळ्यांत घुसते. फरक तोंडाचा. मरळीचा जबडा हाडाचा आणि दातांचा, गळ आत रुतवायला मनगटाचा झटका पुरत नाही, रॉडच्या बुडातून जोर यावा लागतो.

रॉडवर दोन गोष्टी छापलेल्या असतात, पॉवर आणि अॅक्शन, आणि दुकानदारसुद्धा त्यांची सरमिसळ करतात. मला त्या तात्यांमुळं कळल्या. तात्या म्हणजे माझे चुलते, पन्नास वर्षं कळकाच्या काठीनं मासे धरलेले. पहिला रॉड त्यांच्या हातात दिला तर त्यांनी शेंडा भिंतीला टेकवून हलकेच दाबला आणि विचारलं, "हिची कंबर कुठाय रं?"

कंबर म्हणजेच अॅक्शन. काठी कुठं वाकते ती जागा. फास्ट रॉडची कंबर वर, शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात. मॉडरेट रॉड मध्यापर्यंत वाकतो. स्लो मुठीपर्यंत. आणि पॉवर म्हणजे वाकायला ती किती जोर मागते. अॅक्शन फास्ट असूनही पॉवर लाईट असू शकते. रबरी बेडकासाठी कंबर वर पाहिजे आणि खाली बूड कडक पाहिजे, म्हणजे शेंडा ल्यूर (खोटं आमिष) फेकतो, नाचवतो, आणि खालचा भाग माशाला गवतातून ओढतो.

आता तीन रॉड. पहिला साडेसहा फुटी, मीडियम, पूर्ण कार्बन, दोन तुकड्यांचा, ३,२०० रुपये. त्यावर 'आयएम ८' असं सोनेरी अक्षरात. दुसरा सात फुटी, मीडियम हेवी, कार्बन आणि काचेचे धागे एकत्र, तोही दोन तुकड्यांचा, ४,६०० रुपये. तिसरा सात फुटी, हेवी, पूर्ण कार्बन, अखंड, बेटकास्टिंगचा (रीळ काठीच्या वर, फेकताना त्याचं चक्र फिरतं), ८,९०० रुपये. पहिले दोन स्पिनिंग रिळाचे, म्हणजे रीळ काठीच्या खाली आणि चक्र न फिरता दोरा सुटतो.

आयएम ८ या अक्षरांना मी आधी भुललो होतो. आयएम ६, ७, ८ ही हेक्सेल या कार्बन धागा बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची नावं आहेत, साऱ्या जगाला लागू असलेली प्रतवारी नव्हे. मीडियम हेवीचंही तसंच. एका कंपनीचा मीडियम हेवी दुसरीच्या मीडियमएवढा मऊ निघू शकतो, कारण त्याला सर्वमान्य माप नाही. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. शाफ्टवर गिऱ्हाइकानं काय लिहून पाठवलंय यापेक्षा मायक्रोमीटर काय दाखवतो ते आम्ही बघतो. रॉडलाही तेच लावलं.

रविवारी मशिनं बंद होती. वाईसच्या जबड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून रॉडची मूठ आडवी पकडली, शेंडा पातळीत आणला, मागच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. मग शेंड्याच्या कडीतून तंगूस ओवून दोनशे ग्रॅमचं वजन टांगलं आणि शेंडा किती खाली आला ते टेपनं मोजलं. पहिला ३४ सेंटीमीटर. दुसरा २४. तिसरा १५. अर्धा किलो लावल्यावर पहिल्याची कंबर सरकत सरकत पार मुठीजवळ आली. दुसऱ्याचा वरचा भाग चांगला वाकला, पण खालचे तीन फूट जवळजवळ सरळ राहिले. तिसरा तर अर्ध्या किलोला नुसता मान हलवत होता. ज्याच्यावर 'फास्ट' छापलेलं होतं तो पहिला रॉड वजनाखाली मॉडरेटसारखा वागला, ही गोष्ट मला कुठल्याही जाहिरातीतून कळली नसती. तुम्हाला वाईस नको. दुकानात एकानं मूठ धरावी, दुसऱ्यानं पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली शेंड्याला टांगावी. दुकानदार नको म्हणाला तर तिथून घेऊ नये असं माझं मत.

दुसरं मोजमाप ल्यूरचं. किती वजनाचा ल्यूर चालेल ते रॉडवर औंसात लिहिलेलं असतं, एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. माझे रबरी बेडूक गुजरीतल्या एका सराफ मित्राच्या काट्यावर ठेवले. पाकिटावर १२ ग्रॅम, काट्यावर दुहेरी गळासकट १३.४. म्हणजे अर्ध्या औंसाला जरा कमी. हेवी रॉडची मर्यादा अर्ध्या औंसापासून वर सुरू होत होती, आणि पाण्यावर ते लगेच जाणवलं. एवढ्या हलक्या बेडकाला तो रॉड वाकतच नाही, आणि रॉड वाकला नाही तर फेक लांब जात नाही. मी हाताच्या जोरानं फेकायला गेलो की बेटकास्टिंग रीळ पुढं पळायचं आणि दोऱ्याचा असा गुंता व्हायचा की अर्धी सकाळ नखानं सोडवण्यात जायची. वीस ग्रॅमचा मोठा बेडूक लावला की तोच रॉड सोन्यासारखा. जलपर्णीचा जाड थर असेल, पन्नास पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा असेल, तर त्याला तोड नाही, हे मी मोकळ्या मनानं सांगतो. पण सात फुटांची अखंड काठी मोटरसायकलवरून राधानगरी रस्त्यानं न्यायची कशी? एकदा पाठीला बांधून नेली. उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना शेंडा चिपाडात अडकता अडकता वाचला. रॉड माशापेक्षा प्रवासात जास्त मोडतात, दारात, डिकीत, बसच्या टपावर. तो रॉड मी कागलच्या एका चारचाकीवाल्या मित्राला विकला. त्याच्याकडं तो सुखात आहे.

पहिल्या रॉडचा दोष मला एका मरळीनं दाखवला. डिसेंबरची सकाळ, पाण्यावर वाफ. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला कमळवेलीच्या कडेनं बेडूक आणत होतो, थांब, दोन टिचक्या, परत थांब. पानांमधून एक फुगवटा सरळ बेडकाकडं येताना दिसला, पाणी फुटलं, बेडूक गायब. मी मनात एक-दोन मोजलं (लगेच ओढलं की बेडूक तोंडातून रिकामा येतो) आणि झटका दिला. रॉड मुठीपर्यंत वाकला आणि तिथंच संपला. माझा सगळा जोर त्या वाकण्यात गेला, गळापर्यंत पोचलाच नाही. मरळीनं दोन सेकंदांत डोकं मुळ्यांत घातलं. दोरा ताठ, पण काही हलेना. मग एकदम सैल. बेडूक वर आला तेव्हा त्याच्या रबराला दातांच्या बारीक टाचण्या पडल्या होत्या आणि गळाच्या टोकावर रक्ताचा थेंबही नव्हता. चार किलोची असेल असं मी म्हणणार नाही, दिसलीच नाही. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

तोच रॉड आता भाच्याकडं आहे आणि तो चिलापी, छोटे रोहू असल्या माशांना वापरतो. मोकळ्या पाण्यात त्याचा हलकेपणा खरंच सुंदर आहे, चिलापीनं आमिषाला नुसतं नाक लावलं तरी बोटाला कळतं. रॉड वाईट नव्हता, पाणी चुकीचं होतं.

राहिला मधला. कार्बन आणि काच एकत्र करायची कल्पना नवी नाही, शेक्सपियर कंपनीचा अग्ली स्टिक १९७६ पासून याच मार्गानं चाललाय. काच जड असते पण सहनशील. कार्बन जितका ताठ तितका हलका आणि तितकाच ठिसूळ, दगडावर एक ठोका बसला की वरून काही दिसत नाही आणि पुढच्या माशाला तिथंच तुटतो. आमच्या बंधाऱ्यांचा काठ म्हणजे दगडी पिचिंग, तिथं रॉड आपटणारच. या रॉडचं वजन १७२ ग्रॅम भरलं, पहिल्यापेक्षा पन्नासनं जास्त, आणि तीन तास फेकल्यावर मनगटाला ते कळतं. माझी त्याच्याविषयी तेवढी एकच तक्रार. जानेवारीत त्याच कमळवेलीत, तसाच बेडूक, एक-दोन मोजलं आणि झटका दिला. वरचा भाग वाकला, बूड ताठ राहिलं, आणि मी मागं दोन पावलं टाकली तशी मरळ पानांवरून घसरत बाहेर आली. सव्वादोन किलो. काठावर घेताना रॉड उभा करून उचललं नाही, दोरा हातात धरून ओढली. उभ्या रॉडनं मासा उचलला की सगळा भार शेंड्याच्या वीतभर भागावर येतो. नवीन पोरांचे निम्मे शेंडे तिथंच जातात.

एक गोष्ट मात्र रॉडच्या निवडीपेक्षा महत्त्वाची. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या नदीकाठाला हातभर अंतरावर शेतीपंपांच्या मोटारी आणि त्यांच्या लोंबत्या तारा आहेत. फेकताना सात फुटी रॉड आणि हात मिळून बारा फुटांच्या वर जातो. आधी वर बघा, मग फेका. वळवाचे ढग आले की रॉड आडवा ठेवून काठावरून उठायचं, मग मासा कितीही लागत असो. काच मिसळलेला आहे म्हणून माझा रॉडही सुरक्षित धरत नाही मी. आणि धरणातल्या, तलावातल्या पाण्याचा ठेका मच्छीमार सोसायटीकडं असतो, त्यांना विचारल्याशिवाय बसू नये. पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्लं घोळक्यानं वर येतात, खाली आई-बाप राखण करत असतात. त्या घोळक्यावर बेडूक टाकला की जोडीतली एक हमखास धावून येते. हे ज्याला माहीत आहे त्यानं तरी टाकू नये. तिला उचललं की ती सगळी पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

मार्चमध्ये मधल्या रॉडच्या शेंड्याच्या कडीनं दोरा खरवडायला सुरुवात केली. ब्रेडेड दोरा सूक्ष्म वाळू घेऊन फिरतो आणि हलक्या कडीत चर पाडतो. डोळ्यांना दिसत नव्हता. कापसाचा बोळा कडीतून फिरवला तर एका जागी तंतू अडकून राहिले, तिथंच चर. चिनी मातीची आतली रिंग असलेली नवी टोककडी नव्वद रुपयांना मागवली, आतलं भोक व्हर्नियरनं शेंड्याला जुळवून. जुनी कडी मेणबत्तीवर लांबून गरम केली, रॉडला ज्योत न लावता फक्त धातूला, आणि डिंक सुटल्यावर पकडीनं सरळ ओढली. नवी बसवायला ग्लू गनची कांडीच वापरली, कारण ती पुढच्या वेळी पुन्हा गरम करून काढता येते, एपॉक्सी लावलं असतं तर ती काढणं जड गेलं असतं. बाकीच्या कड्यांच्या रेषेत आली का ते मुठीकडून एक डोळा मिटून पाहिलं, कोमट असतानाच जराशी फिरवली आणि गार होऊ दिली. पंधरा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी बंधाऱ्यावर होतो.