गुरुवारचं व्याख्यान की सकाळचा वर्ग?

जुलै लागला की आमच्या विद्यापीठात आरोग्याचे दोन उपक्रम सुरू होतात, आणि कुणी ना कुणी कॅन्टीनमध्ये मला गाठून विचारतं, "यातल्या कशाला जाऊ?" एक म्हणजे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी होणारं व्याख्यान. फुकट, बाहेरच्यांनाही खुलं. दुसरा क्रीडा विभागाचा आठ आठवड्यांचा, आसनं आणि व्यायामाचा सकाळचा वर्ग. आठवड्यातून दोन दिवस, तासभर, थोडी फी. मी इथल्याच कार्यालयात आहे, वय सत्तेचाळीस, आणि दोन्हीकडे बसून झालंय. ज्याला दोन्ही जमतील त्याने दोन्ही करावीत. पण त्याला मुळात प्रश्नच पडत नाही.

आधी व्याख्यानाबद्दल, कारण त्याचं मी देणं लागतो. मी काटकुळा माणूस. साखरेचा आजार जाड्या माणसांना होतो, अशी माझी सोयीस्कर समजूत होती. एका गुरुवारी वक्त्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर दोन माणसांचा फोटो लावला: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काटा सारखाच, आतला माल वेगळा. आपल्याकडची बाळं वजनाला कमी असूनही चरबी राखून जन्माला येतात, हेही याज्ञिकांच्याच अभ्यासातलं. मग बाई म्हणाल्या, वजनकाटा सोडा, कमरेला टेप लावा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्यापुढे गेलात तर सावध व्हा. मी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायला गेलो (एचबीए१सीला, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीला, उपाशी राहावं लागत नाही, हे तिथे कळलं). आकडा आला ६.१. मधुमेहाची पूर्वपायरी सुरू होते ती ५.७ ची वेस ओलांडलेली, मधुमेह ठरतो त्या ६.५ च्या अलीकडे.

वर्गात बसून हे मला जन्मात कळलं नसतं. आमचे सर शरीराचे जाणकार, पण रंगात आले की "या आसनाने थायरॉईड मुळापासून जातो" असंही म्हणून जातात. मी ऐकतो आणि आसन करतो. रक्तदाब असेल तर कपालभाती किंवा श्वास रोखून धरणं आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. सर पहिल्या दिवशी ते विचारून घेतात, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

तर ज्ञानात व्याख्यान पुढे आहे, यात वाद नाही. मला खुपलं ते वेगळंच.

पडद्यावर आकड्यांची स्लाइड आली की सभागृहातले सगळे फोन वर जातात. मी उंचीला बेताचा, त्यातून पाचवी रांग. मला स्लाइड दिसते ती पुढच्या काकांच्या फोनमध्ये, तीही हलत असलेली. वक्ते "घेतला का सगळ्यांनी?" म्हणून थांबतात. मागून एक आवाज येतो, "जरा मागची दाखवा ना." मागची दाखवतात. तोवर मघाशी कशावरून काय चाललं होतं, ते वक्त्यालाही आठवत नाही. सुरुवातीची दोन-तीन व्याख्यानं मी मनातल्या मनात चरफडत काढली. मग मीही फोन काढला. काय करणार, माझंच राहून जातंय असं वाटायला लागलं.

दिवाळीच्या सुमारास फोनची जागा भरली म्हणून फोटो पुसायला बसलो. स्लाइडचे एकसष्ट फोटो निघाले. काढल्यापासून एकही उघडलेला नव्हता. त्यातले तीन तर तीन वेगवेगळ्या महिन्यांतले, मजकूर एकच: मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. आमच्याकडे अजून पानात डावीकडे मीठ वाढतात. तीनदा फोटो काढून झाला होता आणि त्या मिठाला बोट लावणं मी एकदाही सोडलं नव्हतं. फोटो काढला की काम झालंसं वाटतं, तिथेच सगळं अडतं. हा दोष वक्त्यांचा नाही, कदाचित व्याख्यानाचाही नाही, माझ्यासारख्याचा असेल. पण मला तरी तिथून पुढे सभागृहात बसवेना.

वर्गात फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावा लागतो. हात जमिनीला टेकलेले असल्यावर फोटो काढणार कशाने?

फरक किती पडतो ते एका उदाहरणावरून सांगतो. सीपीआरवर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायच्या उपायावर, व्याख्यान झालं तेव्हा चित्रफीत फार छान होती. छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०, कोपर सरळ. मला तोंडपाठ होतं. पुढे वर्गात सरांनी एक दिवस सरावाचा पुतळा आणला. गुडघ्यावर बसून तीस दाब दिले तोवर खांदे भरून आले, साठाच्या आसपास कोपर वाकलं आणि पुतळा टिकटिक करायचा थांबला, म्हणजे दाब पुरेसा खोल जाईना. "म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा," सर म्हणाले. हे वाक्य व्याख्यानातही असणार. माझ्याकडे फोटो होता बहुतेक.

पहिल्या दिवशी सरांनी खुर्चीवर बसवलं होतं. हात छातीवर, तीस सेकंदांत किती वेळा उठून बसता? मी अकरा. आठ आठवड्यांनी सोळा. याला संशोधन म्हणू नका. खुर्चीसुद्धा तीच होती की नाही, देव जाणे. रक्ताचा आकडाही पुढे ५.९ झाला, पण त्याच दिवसांत मी चहातली साखर अर्ध्यावर आणली होती, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवत नाही. जिने चढताना आता मध्ये थांबून नोटीस बोर्ड वाचायचं नाटक करावं लागत नाही, एवढं मात्र खरं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. त्यातले दोन दिवस वर्गात भागतात, उरलेल्याला चालणं आहेच.

वर्गाचे चटकेही आहेत. साडेसहाची वेळ, त्यात पावसाळा. २१ जूनला योगदिनाला मैदान भरून वाहतं, पण वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही नऊ जण उरलो होतो. दोन खाडे झाले की तिसऱ्या दिवशी जायची लाज वाटते. तरी जावं, सर काही बोलत नाहीत. ज्यांची पाळीची नोकरी आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणाला नुकताच एखादा आजार निघालाय आणि आधी तो समजून घ्यायचाय, त्यांनी माझं न ऐकता गुरुवारीच जावं. पहिल्या रांगेत बसावं.

बाकीच्यांनी नावनोंदणीला उशीर करू नका, जागा चाळीसच असतात. आणि सतरंजी घरून न्या. तिथल्या सतरंज्यांना मागच्या पावसाळ्याचा वास आहे.