लिंक उघडेना, तेव्हा कामाला आला फायरफॉक्स

जुळे सोलापुरात माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कुणी सातबारा काढायला येतं, कुणी विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म भरायला. दिवसभर लोकांनी आणलेल्या लिंका उघडायच्या, हाच धंदा. त्यामुळे ब्राउझर किती चकचकीत आहे, याच्याशी मला घेणंदेणं नाही. तो अडला तर कुठे अडला, हे लवकर कळलं पाहिजे. समोर शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला आलेली पोरगी बसलेली असते.

फायरफॉक्स मी दुकानातल्या सगळ्या मशीनवर ठेवलाय तो यासाठीच. मोझिलाचा हा ब्राउझर 2004 पासून फुकट मिळतो. वेग रोजच्या कामाला पुरतो, त्यावर जास्त बोलत नाही.

मध्यंतरी गिऱ्हाइकांच्या मशीनवर लिंकवर क्लिक केलं की नवा टॅब यायचा, पण कोरा. तोच पत्ता वर टाकून एंटर मारलं की पान व्यवस्थित उघडायचं. म्हणजे नेट चालू होतं, साइटही चालू होती. अशा वेळी बरेच जण सरळ ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. तसं करू नका. उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा, त्यात हेल्प, त्यात ट्रबलशूट मोड. ब्राउझर बंद होऊन पुन्हा उघडतो, सगळी एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, तेवढ्यापुरती बाजूला ठेवून. बुकमार्क, पासवर्ड जिथल्या तिथे राहतात. या मोडमध्ये लिंका धडाधड उघडल्या, म्हणजे चोर बहुधा एक्स्टेंशनमध्येच. नेहमीच्या मोडमध्ये येऊन एकेक बंद करत गेले, तर कुणीतरी टाकलेलं व्हिडिओ डाउनलोडचं एक्स्टेंशन निघालं. ते काढलं, काम सुरू.

इथे माझी एक खरी तक्रार आहे. कोणतं एक्स्टेंशन आड येतंय हे हा मोड सांगत नाही, ते आपणच शोधायचं. शिवाय ट्रबलशूट मोड सुरू करताना जी चौकट येते, तिच्यात 'ओपन'च्या बाजूलाच 'रिफ्रेश फायरफॉक्स'चं बटण आहे. घाईत ते दाबलं तर बुकमार्क आणि पासवर्ड वाचतात, पण एक्स्टेंशन्स आणि आपण बसवलेली सेटिंग्ज जातात. इतकी मोठी गोष्ट इतक्या जवळ ठेवायला नको होती.

घड्याळाची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतले जुने संगणक कधी माझ्याकडे येतात. एकही लिंक उघडत नाही, सगळीकडे सुरक्षेचा इशारा. कारण मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलेला, त्यामुळे तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, आणि साइटचं प्रमाणपत्र, म्हणजे ती साइट खरी असल्याचा ठरावीक मुदतीचा दाखला, त्या तारखेला लागूच होत नाही. अशा वेळी तुमच्या संगणकाची तारीख चुकलेली दिसते, हे फायरफॉक्स स्वतःच सांगू शकतो. नवा सेल टाकला, तारीख नीट केली की काम झालं. अशा मशीनवर विंडोज 7 असेल तर आणखी एक अडचण. तिच्यावर क्रोम 109 च्या पुढे जात नाही, फायरफॉक्स 115 च्या पुढे. नवी पानं अर्धवट उघडू लागली तर दोष ब्राउझरवर ढकलू नका, विंडोज बदला.

उतारा किंवा पावती नव्या खिडकीत उघडणारी पानं असतात. तिथे क्लिक करून काहीच झालं नाही तर आधी वर पाहा. पॉप-अप अडवल्याची पट्टी आली असेल, तर त्या साइटपुरती परवानगी द्या. सगळ्या साइटना देऊ नका, नाहीतर जाहिरातींचा पूर येतो. मेलमधली किंवा एक्सेलमधली लिंक भलत्याच ब्राउझरात जात असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट अ‍ॅप्स' उघडून फायरफॉक्स निवडा.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा त्या शेजारी ठेवलेल्या बटणासाठी कापला. मोझिलाने ते वेगळ्या पानावर नेलं, तर तोही देईन.