बफर भरला की खंड्या बुडी मारतो

कॅमेऱ्याच्या सर्व्हिस सेंटरवाल्याशी परवा वाजलं, म्हणून लिहायला बसलो. कंपनीचं नाव घेत नाही. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, सेकंदाला १५ फ्रेम.

फोकसबद्दल तक्रार नाही. उजनी धरणाच्या पाण्यावर, कुंभारगावच्या डुगडुगत्या होडीतूनही उडत्या नदी सुरय पक्ष्याचा डोळा सोडत नाही. दुखणं बफरचं, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत ज्यात थांबतात त्या कॅमेऱ्यातल्या मेमरीचं.

उजनीच्या पाण्यावर कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख मारत थांबतो. चोच खाली, डोकं तसूभर हलत नाही. कधी कोसळेल याचा नेम नाही, म्हणून बोट दाबूनच ठेवायचं. दोन-तीन सेकंदांत कॅमेऱ्याची फटफट अडखळायला लागते, कार्डाचा दिवा लुकलुकतो, आणि नेमका तेव्हाच हा पठ्ठ्या बुडी मारतो. मासा घेऊन वर येतो, तरी दिवा चालूच.

यावर सर्व्हिस सेंटरचं पालुपद एकच: "सर, व्ही९० कार्ड घ्या." म्हणजे जास्त वेगाचं. आता हिशेब करा. एक रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) धरा ३० एमबी, गुणिले १५, म्हणजे सेकंदाला ४५० एमबी. माझं कार्ड यूएचएस-१, त्या जातीच्या वेगाची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. यूएचएस-२ची कागदावर ३१२. आणि व्ही९० म्हणजे सलग ९०ची हमी, त्यापुढे तुमचं नशीब. म्हणजे महागडं कार्ड घेतलं तरी बफर भरणारच, फक्त लवकर रिकामा होईल. एवढं ऐकवल्यावर त्याने फर्मवेअर अपडेट करून बॉडी हातात ठेवली आणि तपासणीचे पैसे लावले. वॉरंटीत!

कॅमेरा विकायलाच काढला होता. पण हल्ली कॉम्प्रेस्ड रॉवर टाकलाय आणि मत जरा बदललंय. फाइल जवळपास निम्मी. काळ्या पंखातली सावली फार उचलली तर फोटोत थोडा दाणेदारपणा दिसतो, एरवी मला तरी फरक कळत नाही. त्यात खंड्याने पंख मिटले की मगच दाबायचं, म्हणजे बुडीपासून मासा घेऊन वर येईपर्यंत सगळं मिळतं. बटण दाबण्याआधीच्या फ्रेम ठेवणारं प्री-कॅप्चरही आहे, पण ते इलेक्ट्रॉनिक शटरवरच. सेन्सर सावकाश वाचला जातो, त्यामुळे फडफडता पंख केळ्यासारखा वाकतो. संथ रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगो) ठीक, खंड्याला नाही.

व्ही९० घेतलेलं नाही, घेणारही नाही. तेवढ्यात होडीच्या कितीतरी फेऱ्या होतात. बॅटरी सकाळभर पुरते. ग्रिपचं रबर एका कोपऱ्यातून सुटायला लागलंय, ते फेविक्विकवर भागवतोय.