जुनी रजई पिंजून घ्यावी की फायबरची आणावी?

खान्देशात थंडी दोन-अडीच महिन्यांचीच, पण पडली की हाडात शिरते. दिवाळी सरली की आमच्याकडे ठरलेला घोळ: जुनी रजई पिंजून घ्यायची, फायबरची हलकी आणायची, की पानिपतचं ब्लँकेट उचलायचं?

फायबर म्हणजे पॉलिएस्टर. हलकं, मशीनमध्ये धुता येतं, लवकर वाळतं. घरात दम्याचं माणूस असेल तर हे मोठं सुख, कारण अंथरुणातले धुळीचे किडे 60 अंशांच्या पाण्यात मरतात (लेबलवर तेवढं पाणी चालतं का ते बघा). कापसाची रजई धुतली की आत गोळे होतात. मात्र ‘बाटल्यांपासून बनवलेली’ या पाटीला भुलू नका. नवं पेट्रोलियम वाचतं, एवढंच. धुताना प्लॅस्टिकचे बारीक तंतू हिचेही सुटतात.

पानिपतची जाडी ब्लँकेटं बरीचशी जुन्या कपड्यांची. कपडे रंगवार निवडून, फाडून त्यांचं सूत काढतात, त्यामुळे रंगाचं पाणी बरंच वाचतं. पण फाडण्यात तंतू तुटून आखूड होतात, म्हणून ती टोचतात आणि लव सोडतात.

कापूस आपल्या शिवारातला, म्हणून तो निर्दोष नाही. किलोभर सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे 10 हजार लिटर पाणी लागतं. आपल्या कोरडवाहू पऱ्हाटीत त्यातलं बहुतेक पावसाचं, ही जमेची बाजू. फवारणीचं काय? 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. इकडेही तोंडाला नुसता रुमाल बांधून पंप पाठीवर घेणारे दिसतातच.

पण जुन्या रजईतल्या कापसाचं पाणी आणि औषध केव्हाच खर्ची पडलंय. म्हणून माझं मत पिंजून घेण्याकडे. गेल्या वर्षी आईची रजई उसवली, तर आत पापडासारखे थर. पिंजल्यावर तोच कापूस खोळीत मावेना. समोर उभं राहून पिंजून घ्या, पण दम्याच्या माणसाला तिथे नेऊ नका. ती धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की पिंजणाऱ्यालाही दम लागतो. वरून थोडा नवा कापूस घालणार असाल तर चिमूटभर पेटवून बघा: जळक्या कागदाचा वास आणि भुरभुरीत राख असेल तर कापूस, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

आणि दमाही आहे, प्लॅस्टिकही नको, तर जुन्या सुती लुगड्यांची गोधडी. टाके दाट असतात, धुतली तरी गोळे होत नाहीत. अडचण एकच, आजी पांझरा नदीवर पिळताना म्हणायची ती: “हाई गोधडी धुवाले दोन जनी लागतस.”