लिफ्ट केलेल्या डिझेल पिकअपला क्राउन-पिनियन कोणतं: ३.७३, ४.१० की ४.५६?

गाडी दोन इंच उचलली, २४५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ टायर टाकले. दिसायला एकदम भारी झाली. पण तुळजापूरच्या घाटात आधी पाचव्यात चढणारी माझी पिकअप चौथा मागायला लागली. शेजारी बसलेले मिस्त्री म्हणाले, "मालक, पाचव्यात ओढंना झालीय की वो."

दोष लिफ्टचा नाही. एक्सलमधलं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राउन, त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन. चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून एक्सलला जाणाऱ्या दांड्याचे) किती फेरे लागतात, तो रेशो; आकडा मोठा तेवढी ओढ जास्त. गाडी उचलून रेशो बदलत नाही, तो बिघडतो टायरमुळे. जुन्या टायरचा व्यास साधारण ७४९ मिमी, नव्याचा ८०४. म्हणजे सव्वासात टक्के वाढ. आत क्राउन-पिनियन ३.७३ चंच असलं तरी गाडी चालते ३.४८ असल्यासारखी.

खालचे आरपीएमचे (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचे) आकडे टॉप गिअरचा रेशो ०.७५ धरून काढलेत. तुमच्या गाडीचा वेगळा असेल तर आरपीएम बदलतील, पण पर्यायांमधलं प्रमाण तेच राहील.

| जोडी | ८० च्या वेगाला आरपीएम | १०० च्या वेगाला आरपीएम |
|---|---|---|
| जुने टायर, ३.७३ | १५८५ | १९८० |
| नवे टायर, ३.७३ | १४७५ | १८४५ |
| नवे टायर, ४.१० | १६२५ | २०३० |
| नवे टायर, ४.५६ | १८०५ | २२५५ |

बरेच जण शेताचा विचार करून रेशो निवडतात. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते, म्हणून मोठा आकडा हवा, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही. फोर बाय फोर असेल तर चिखलासाठी लो रेंज (गाडी हळू पण जास्त ओढीने चालवणारा वेगळा गिअर) आहेच. तिथली वाढ एक्सलमधल्या दहा टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. रेशो ठरवावा तो डांबरी रस्त्यावर, भरलेल्या गाडीत, तुम्ही खरोखर ज्या वेगाने जाता त्या वेगाला.

गाडी बहुतेक रिकामी असेल आणि पुणे-हैदराबाद हायवेवर नव्वद-शंभरने जात असेल, तर ३.७३ राहू द्या. खर्च शून्य. ऐंशीच्या खाली चौथ्यात चालवायची सवय मात्र लावा. टर्बो नीट भरायच्या आत पाचव्यात रेटली की एक्झॉस्टची उष्णता वाढते, आणि सोलापूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांत, डाळिंबाचे क्रेट भरून इंजिनला असं रडवणं बरं नाही. क्लचही उठताना जास्त घासतो.

४.१० घातलं की गाडी जवळजवळ मूळ स्वभावावर येते, उलट अडीच टक्के जास्तच ओढते. याच टायरवर आठवड्यातून दोन-तीन वेळा माल भरून मार्केट यार्डाला येणाऱ्याला मी हेच सांगेन. मीही हेच घातलं.

४.५६ या टायरला जास्त होतं. मूळ गाडीपेक्षा १४ टक्के जास्त ओढीचा रेशो. पहिला गिअर टाकला-न टाकला तोच दुसरा मागतो आणि हायवेवर आवाज कानात बसतो. शिवाय ४१ ला ९ दातांच्या जोडीत पिनियनचं डोकं लहान, झटका सोसायची ताकद कमी. २८५/७५ आर १६ टायर असतील आणि मागे ट्रॉली कायमची असेल, तरच याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट, जी विसरून चालणारच नाही. फोर बाय फोरमध्ये पुढचं आणि मागचं क्राउन-पिनियन एकाच रेशोचं हवं. फक्त मागचं बदलून फोर व्हील टाकलं, तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) आतल्या आत स्वतःशीच लढते आणि तुटते. म्हणजे खर्च दुप्पट धरा. तुमच्या एक्सलला ती जोडी मिळते का, आणि त्यासाठी आतला कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतं तो भाग) बदलावा लागतो का, हे हौसिंग (एक्सलचं कवच) उघडण्याआधी विचारा. लिफ्ट आणि टायरच्या बदलाबद्दल आरटीओतही विचारून घ्या; मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांसाठीच आहे.

सध्याचा रेशो घरीच कळतो. गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, बाकीच्या चाकांना दगड. मागचं एक चाक जॅकवर घ्या, स्टँड लावा, हँडब्रेक सोडा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे पावणेचारला किंचित कमी फेरे झाले तर ३.७३, चारपेक्षा थोडे जास्त झाले तर ४.१०. लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

बसवणारा मिस्त्री डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजतो का, दातांना रंग लावून ठसा बघतो का, हे उभं राहून पाहा. अंदाजाने शिम (जोडी नेमकी बसवायच्या पातळ चकत्या) टाकणाऱ्याकडे हे काम देऊ नका. बसवल्यावर मी पहिल्या दिवशी रिकामी गाडी मोहोळपर्यंत नेली, तिथे हौसिंग हाताला गार लागेपर्यंत झाडाखाली लावली आणि मग परत आणली. पहिले ८०० किलोमीटर माल भरला नाही. त्यानंतर काढलेल्या ऑइलमध्ये बारीक चंदेरी भुकटी होती, पण बोटाला खुपेल असा एकही कण नव्हता.