ओढ्यावर मातीचा बांध की प्लास्टिकचं शेततळं? मासे आणि पाखरं दोन्ही हवी असतील तर

शेताच्या कडेनं पावसाळी ओहळ वाहते, पलीकडे पडीक उतार आहे आणि तिथे पाणी साठवायचं मनात आहे. एक जण सांगतो, ओहळीवर मातीचा बांध टाका. दुसरा सांगतो, सपाटीवर शेततळं खणा आणि प्लास्टिक अंथरा. पाणी दोन्हीत साठतं. पण मासे पोसायचे आणि पाखरंही यावीत अशी इच्छा असेल, तर या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

निवड करण्याआधी जागेवर खड्डा घ्या. एक मीटर लांब, तेवढाच रुंद, दीड मीटर खोल. पहिल्यांदा पाणी भरा आणि जिरू द्या, त्याचा हिशेब धरायचा नाही. दुसऱ्यांदा भरा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी पाणी वीतभराहून जास्त उतरलेलं असेल, तर तिथे बांध घालून विहिरींना पाझर मिळेल, तळं मात्र राहणार नाही. अशा जागी बांधाचा हट्ट धरू नये. पाणी टिकलं, तर पुढचं वाचा.

माती किती हलवायची?

बांध जास्तीत जास्त ३ मीटर उंच आणि माथ्यावर ४० मीटर लांब धरू. माथा अडीच मीटर रुंद ठेवावा, म्हणजे ट्रॅक्टर जातो. पाण्याकडचा उतार १:२.५ (एक मीटर उंचीला अडीच मीटर आडवं) आणि मागचा १:२. म्हणजे सर्वांत उंच जागी तळाची रुंदी १६ मीटर भरते. ओहळीचा काप इंग्रजी ‘व्ही’सारखा असेल, तर बांधाखालच्या चरासकट (तो पुढे सांगितलाय) सुमारे ५१० घनमीटर, म्हणजे १८० ब्रास दाबलेली माती लागते. उकरताना सव्वादोनशे ब्रास धरा. वर एक मीटर फ्री बोर्ड, म्हणजे पाण्याच्या वरची मोकळी उंची, सोडला की बांधापाशी पाणी २ मीटर राहतं. पाण्याचा पसारा १५ गुंठे झाला, तर साठा पसारा गुणिले खोली गुणिले ०.४ या ठोकताळ्यानं १२ लाख लिटर.

३० × ३० × ३ मीटरचं, १:१ उताराचं शेततळं २२ लाख लिटर धरतं. पण पूर्ण खोदून केलं तर उकरावी लागते पावणेआठशे ब्रास, आणि वर साधारण ११५० ते १२०० चौरस मीटर प्लास्टिक. लिटरमागे खोदाई पाहिली तर बांध स्वस्त, कारण निम्मं काम ओहळीच्या दोन काठांनी आधीच करून ठेवलेलं असतं. उलट, शेततळ्यात गेलेलं पाणी जिरत नाही, वाफ होते तेवढीच. कोरडवाहू पट्ट्यात ऑक्टोबर ते मे उघड्या पाण्यातून सव्वा ते दीड मीटर वाफ सहज निघून जाते. बांधात त्यावर पाझर आला, की दोन मीटरचं तळं एप्रिलात डबकं होतं.

त्यावर उपाय डोहाचा. बांधाला लागणारी माती तळ्याच्या पोटातूनच घ्या, पण पायथ्यापासून किमान १० मीटर सोडून, आणि तिथे दीड मीटरचा डोह राहू द्या. तळाचा चिकण थर मात्र फोडायचा नाही. खालचा सच्छिद्र मुरूम उघडा पडला, तर तळ्याला भोक पडलं समजा.

बांध कुठे चुकतो?

पहिली चूक जमिनीखाली असते. बांधाच्या मध्यरेषेखाली दीड मीटर रुंद चर घ्यायचा, तो कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यायचा आणि चिकण मातीनं थराथरानं भरायचा. हा चर टाळला, तर पाणी बांधाखालून निघून जातं. वर मधोमध काळ्या मातीचं हार्टिंग म्हणजे पाणी अडवणारा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग म्हणजे बाहेरचं कवच. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि जूनचं पहिलं पाणी त्या भेगांतच शिरतं.

दुसरी चूक मे महिन्यातली. पाणी मिळत नाही म्हणून कोरडी माती डंपरनं ओतून वरून पोकलेन फिरवतात. दिसायला बांध झक्क दिसतो, पहिल्याच पावसात बसतो. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, इतकी ओल हवी. थर २० ते २५ सेंटिमीटरचा आणि प्रत्येक थरावर रोलर. शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्येच काम उरका. एवढं करूनही बांध थोडा बसतोच, म्हणून उंची दहा टक्के जास्त धरा.

तिसरी चूक सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची, आणि मातीचा बांध फुटतो तो बहुतेक वेळा इथेच. १० हेक्टर पाणलोट, तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस आणि त्यातलं निम्मं वाहून आलं, तर सेकंदाला जवळपास १,४०० लिटर येतात. सांडव्यावरून ३० सेंटिमीटर जाडीचं पाणी जाऊ द्यायचं, तर त्याची लांबी ५ मीटर हवी. सांडवा बांधाच्या भरावात कधीच नको. काठाच्या मूळ कठीण जमिनीत तो आधी कापायचा, ओहळीचं तोंड त्यानंतर बंद करायचं.

मातीतून पाइप टाकण्याचा मोहही आवरा. पाइपच्या अंगानं माती नीट दाबली जात नाही आणि पाणी तिथूनच वाट काढतं. पंपानं किंवा सायफननं पाणी माथ्यावरून काढता येतं.

खेकड्यांचं काय? जुलै २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा दोष खेकड्यांवर टाकला गेला आणि राज्यभर थट्टा झाली. बिळं खरोखर त्रास देतात, खेकड्यांची आणि त्याहून घुशींची. पण नीट दाबलेल्या १६ मीटर जाड बांधाला एकटे खेकडे फोडत नाहीत. दर पावसाळ्याआधी बिळं चिकण मातीनं ठासून भरावीत. बांधावर बाभूळ, कडुनिंब उगवू देऊ नका, मुळं कुजली की पोकळ नळ्या राहतात. हरळी आणि वाळा पुरे.

मागच्या पायथ्याला ओल दिसली तर घाबरू नका, पाण्याचा रंग पाहा. नितळ झिरपतंय तोवर नुसतं लक्ष ठेवा. गढूळ आलं, तर बांधाच्या आतून माती चाललीय. तिथे भोकात बोळे कोंबायचे नाहीत. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असा भार टाका आणि तळ्याची पातळी लगेच उतरवा.

शेततळ्याचे आजार याच्यापुढे साधे. प्लास्टिकखाली खडा राहिला की भोक पडतं, प्लास्टिकची कड पुरायचा चर नीट भरला नाही तर वारा प्लास्टिक उचलतो, आणि पाण्याच्या रेषेवरचा उन्हातला पट्टा सगळ्यांत आधी कडक होऊन चिरतो.

मासे

फक्त मासळीचं उत्पन्न हवं असेल, तर शेततळं सरस. पाण्यावर ताबा राहतो आणि बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, वाहून जात नाहीत. वरच्या ३० × ३० मीटरच्या शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ मिळून सहाशे ते आठशे पुरेत. मृगळ तळाच्या गाळातलं खातो आणि प्लास्टिकवर गाळ नसतो, म्हणून तो कमी टाकावा आणि कोंडा व पेंड द्यावी लागते. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले, तर प्राणवायू कमी पडलाय. त्या दिवशी खाद्य बंद, ताजं पाणी चालू.

बांधाच्या तळ्यात खाद्य न घालता तीनशे-चारशे बोटुकली सोडा, आणि त्याही ऑगस्टअखेर, मोठे पूर ओसरल्यावर. जूनमध्ये सोडलेली सांडव्यावरून निघून जातात. मग लोक सांडव्याला जाळी लावतात, जाळीत पालापाचोळा अडकतो आणि पाणी बांधाच्या माथ्यावरून जातं. दोन हजारांच्या बीजासाठी बांध घालवायचा हा प्रकार. कटला, रोहू साचलेल्या पाण्यात विणत नाहीत, बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. गवत्या मासा (ग्रास कार्प) टाकू नका, पाणवनस्पती संपल्या की पाखरंही संपतात. थाई मागूर या परदेशी, मांसाहारी माशावर तर २००० सालापासून देशात बंदी आहे.

पाखरं आणि जनावरं

इथे तुलनाच नाही. पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणजे मातीचे जुने बांधच. गोंदियात सारस दिसतो तो अशाच तलावांच्या आणि धानशेतीच्या आसऱ्यानं. पाणी उतरत जातं तशी ओली किनार उघडी पडते, तिथे टिटव्या आणि तुतवार चरतात. तळ्याच्या शेपटाकडचा, म्हणजे बांधापासून लांबचा, भाग वीत ते दोन फूट खोल आणि अगदी निमुळत्या उताराचा राहू द्या. त्याच्या वर ओहळीत दोन-तीन अनगड (नुसते दगड रचलेले) बांध घातले, की तळ्यात गाळ कमी येतो. बेशरमाची झुडपं दिसली की मुळासकट काढा. पाणकावळे मासे नेतील, तो वाटा धरूनच चाला.

ओहळ नकाशावर नाला म्हणून असेल, तर ती सरकारी आहे. परवानगीशिवाय पोकलेन लावू नका. खालच्या शेतकऱ्याशीही आधी बोला, बांध फुटला तर पाणी त्याच्याच रानात जाणार. शेततळं स्वतःच्या गटात, हा त्याचा मोठा फायदा. ते भरायला विहीर उपसायची असेल, तर मात्र जमिनीखालचं सावलीतलं पाणी उन्हात वाळत घालणं झालं.

आणि शेततळंच करावं लागलं, तर एवढं करा. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवरून कोल्हा, हरिण, कुत्रं, माणूस कुणालाच वर चढता येत नाही. भोवती पाच फूट कुंपण घाला. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडा. एका कोपऱ्यात १:३ उताराची वाट ठेवून तिच्यावर मातीनं भरलेली पोती पायऱ्यांसारखी रचा.