बारा रविवारांत जगाचा इतिहास: दांडिया बाजारातील एका मराठी उजळणी वर्गाविषयी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळेत, जगाच्या इतिहासाची मराठीतून उजळणी करून देणारा एक वर्ग चालतो. एका तुकडीला बारा रविवार, शुल्क तीन हजार रुपये आणि त्यात झेरॉक्स केलेल्या टिपणांचा एक जाडसर संच, असे त्याचे स्वरूप आहे. मी निवृत्त शिक्षिका असून आयुष्यभर गणित शिकवले आहे. इतिहासाशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला होता. माझी भाची केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते, तिच्या सोबतीने म्हणून मी नाव घातले आणि पहिल्या दोन रविवारांनंतर सोबत हे निमित्तच उरले नाही. तुकडीत आम्ही साधारण पस्तीस जण होतो. निम्मे परीक्षार्थी आणि निम्मे माझ्यासारखे, ज्यांना शाळेत सनावळ्या पाठ झाल्या पण त्यांची एकमेकींशी सांगड कधी कोणी घालून दिली नाही.

पहिल्या रविवारी सरांनी बोलण्याआधी प्रत्येकाच्या हातात शाडूच्या मातीचा एकेक गोळा दिला. सुताराकडून कोरून आणलेली, बोटाएवढी लांब, लाटण्यासारखी गोल लाकडी मुद्रा त्यांनी त्या मातीवरून फिरवली, तेव्हा बैल, झाड आणि माणूस अशी एक पट्टी मातीवर उमटत गेली. ती पट्टी जिथे संपायची तिथून पुन्हा तोच बैल सुरू व्हायचा. मेसोपोटेमियात धान्याच्या कोठाराचे दार किंवा तेलाच्या रांजणाचे तोंड मातीने बंद करून त्यावर अशी मुद्रा फिरवत, म्हणजे मध्ये कोणी हात घातला तर कळे. लेखन हे काव्यासाठी किंवा देवासाठी जन्मले नसून कोणाला किती जव द्यायचे आणि कोणाकडून किती मेंढ्या यायच्या याचा हिशेब ठेवण्यासाठी उरूकसारख्या शहरांत इ.स.पू. 3200 च्या सुमारास ते आकाराला आले, हे मी पूर्वी कधीतरी वाचले असेन. पण ओल्या मातीत बोरूच्या टोकाने स्वतः पाच खुणा केल्यावर ते मला समजले. शेजारी बसलेल्या दहावीतल्या मुलाने आपला गोळा घरी नेण्यासाठी ओल्या रुमालात गुंडाळला होता.

या वर्गाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो जगाकडे वडोदऱ्यातून पाहतो. बहुतेक पुस्तकांत जगाचा इतिहास नाईल आणि टायग्रिसच्या काठी सुरू होतो, ग्रीस व रोममार्गे युरोपात जातो आणि आपण त्यात कुठेतरी जिंकले जाण्यासाठी प्रकट होतो. इथे तसे नाही. मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉन, इ.स.पू. तेविसाव्या-चोविसाव्या शतकातला, आपल्या लेखात मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात असे अभिमानाने सांगतो आणि मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात, हे सांगून झाल्यावर सरांनी लोथल या सिंधू संस्कृतीच्या नगरात सापडलेल्या पर्शियन आखाती पद्धतीच्या गोल मुद्रेचे चित्र दाखवले. लोथल आमच्यापासून गाडीने काही तासांवर आहे आणि वर्गातल्या अर्ध्याअधिक लोकांनी ते पाहिलेले होते. पण त्या मुद्रेकडे दुसऱ्या टोकाच्या बंदरावरून पाहायचे असते, हे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते.

रोमन साम्राज्याचा रविवारही असाच भडोचपासून सुरू झाला. इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत भडोचचा उल्लेख बॅरिगाझा असा येतो. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी जोराची की परक्या जहाजांना आत आणण्यासाठी राजाच्या चाकरीतले स्थानिक खलाशी होड्या घेऊन पुढे जात, हे त्यात लिहिले आहे. इटलीची मद्ये, सोन्याचांदीची नाणी इथे उतरत आणि सुती कापड, हस्तिदंत, गोमेदासारखे खडे इथून जात. त्या पुस्तिकेत पैठण आणि तेर या दोन गावांची नावे आहेत, त्यांचा माल गाड्यांमधून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येई, हे सरांनी वाचून दाखवले तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरली. आपण पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्यात राहणारी मराठी माणसे घाटावरून इकडे आलो ते गायकवाडांच्या फौजेबरोबर, अशी आपली समजूत असते. ती वाट त्याआधी सोळाशे-सतराशे वर्षे वाहती होती.

तिसरा रविवार कमाटी बागेतल्या संग्रहालयात झाला आणि केवळ त्या एका सकाळीसाठीही मी या वर्गाची शिफारस करीन. सयाजीरावांनी उभारलेले हे संग्रहालय आपण लहानपणी ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहण्यासाठी जातो आणि नंतर पाहुणे आले की त्यांना दाखवतो. सरांनी आम्हाला ममीच्या काचेपाशी जवळजवळ अर्धा तास उभे केले. गुंडाळलेल्या पट्ट्या लिननच्या, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याच्या आहेत, कापसाच्या नाहीत, हे त्यांनी दाखवले. मग कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या उत्खननात गुजरातेत ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे तुकडे मध्ययुगीन थरांत मिळाले आहेत, हे सांगून त्यांनी विचारले, या दोन कापडांच्या मध्ये इजिप्तमध्ये काय काय बदलले असेल? उत्तर त्यांनी दिले नाही. पुढचे तीन रविवार आम्ही तेच शोधत होतो. त्याच सकाळी चित्रदालनाचीही हकीकत कळली: ते 1914 मध्ये बांधून पूर्ण झाले, पण युरोपातून यायची चित्रे पहिल्या महायुद्धामुळे वेळेवर पोहोचू शकली नाहीत आणि दालन खुले व्हायला 1921 साल उजाडले. महायुद्धाचा तास अजून दोन महिने दूर होता, पण त्याचा धक्का आमच्या बागेपर्यंत कसा आला होता ते आम्ही आधीच पाहिले.

आता जे खटकले ते तितक्याच स्पष्टपणे सांगते. रोमच्या पश्चिम साम्राज्याचा शेवट 476 मध्ये आणि कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव 1453 मध्ये, या दोन टोकांमधली हजार वर्षे सहाव्या आणि सातव्या रविवारी अक्षरशः धावत उरकली गेली. बगदादमध्ये ग्रीक आणि भारतीय ग्रंथांची अरबीत झालेली भाषांतरे, आपला शून्यासह दशमान अंकक्रम तिथून पश्चिमेकडे कसा गेला, चीनमधल्या सुंग काळातली छपाई, कागदी चलन आणि होकायंत्र, 1258 मध्ये मंगोलांनी केलेला बगदादचा विध्वंस, हे सारे मिळून पाऊण तास. गणिताची शिक्षिका म्हणून अंकांच्या प्रवासाला दोन वाक्ये मिळालेली पाहून मला मनापासून वाईट वाटले. आफ्रिका तर गुलामांचा व्यापार आणि 1884-85 ची बर्लिन परिषद यांपुरतीच आली. 1324 मध्ये मक्केच्या यात्रेला निघालेला मालीचा मन्सा मुसा नाही, आणि ज्या पूर्व किनाऱ्याशी गुजरातच्या कापडाचा शतकानुशतके व्यापार होता तो किल्वाचा किनाराही नाही. वडोदऱ्यात बसून जग पाहायचे असे ठरवलेल्या वर्गाने नेमका हाच किनारा गाळावा, याचे आश्चर्य वाटते.

कोलंबसाच्या रविवारी अमेरिकेतून जगभर गेलेल्या पिकांचा एक तक्ता टिपणांत होता, तो सरांनी घरी वाचायला सांगितला. तो वर्गातच शिकवायला हवा होता. तास सुटल्यावर मी आणि भाची नेहमीप्रमाणे शेव-उसळ खायला थांबलो आणि तो तक्ता समोर उघडून बसलो. उसळीतला वाटाणा आणि शेवेतला हरभरा, दोन्ही पश्चिम आशियातल्या सर्वांत जुन्या शेतकऱ्यांनी लागवडीला आणलेली पिके. पावाचा गहूही तिकडचाच आणि पाव हा शब्द पोर्तुगीज. जिच्यामुळे त्या पदार्थाला वडोदऱ्यात नाव आहे ती लालभडक तर्री मात्र मिरचीची, आणि मिरची 1492 पूर्वी अमेरिकेबाहेर कोणी पाहिलेलीही नव्हती. “म्हणजे मावशी, शिवाजी महाराजांच्या आधी दीडशे-दोनशे वर्षे आपल्याकडे तिखट म्हणजे मिरेच?” भाचीने विचारले. मिरे, पिंपळी, आले. पहिल्या शेतीपासून वसाहतींपर्यंतचा सगळा अभ्यासक्रम त्या एका बशीत होता.

आधुनिक काळाच्या चार रविवारांपैकी औद्योगिक क्रांतीचा सर्वोत्तम. ती इंग्लंडमध्येच का झाली याची कारणे सरांनी एकावर एक रचत नेली. कोळशाच्या खाणीत साचणारे पाणी उपसण्यासाठी 1712 मध्ये न्यूकॉमेनचे इंजिन आले. त्याचा कोळसा वाचवण्यासाठी वॅटने वाफ थंड करण्याचे पात्र वेगळे केले आणि 1769 मध्ये त्याचे पेटंट घेतले. दुसऱ्या बाजूला भारतीय छापील कापडाला इंग्लंडमध्ये इतकी मागणी होती की तिथल्या विणकरांच्या रेट्यामुळे 1700 आणि 1721 मध्ये कायदे करून ते रोखावे लागले, आणि त्या संरक्षणाखाली लँकेशायरचा धंदा वाढला. पुढे अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद पडला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचा बाजार फुगला आणि युद्ध संपताच कोसळला. त्याच काळात, 1862 मध्ये, गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम ही अरुंद रूळमार्गाची लाइन टाकली गेली आणि सुरुवातीला तिच्यावरचे डबे बैल ओढत. डभोईच्या एका सद्‌गृहस्थांनी त्या लाइनवरून लहानपणी केलेल्या प्रवासाची आठवण सांगितली आणि कारण, काळ व गाव एका रेषेत आले.

महायुद्धांपासून पुढे मात्र वर्गाची चाल बदलली. परीक्षार्थींचा दबाव असावा, कारण आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात जगाचा इतिहास अठराव्या शतकापासूनच लागतो. पण त्यामुळे तह, तारखा आणि कलमे यांच्या याद्या सुरू झाल्या. शेवटच्या बहुपर्यायी चाचणीत भाचीला पन्नासपैकी त्रेचाळीस गुण पडले. घरी आल्यावर मी तिला विचारले, व्हर्सायच्या तहानंतर वीस वर्षांत पुन्हा युद्ध का झाले? तिला तहाची तारीख आठवत होती, 28 जून 1919. कारणांची साखळी तिला मांडता आली नाही, आणि हीच मुलगी काही आठवड्यांपूर्वी वाफेच्या इंजिनाबद्दल अर्धा तास बोलली होती. 1945 नंतरचे जग, म्हणजे वसाहतींचे स्वातंत्र्य, 1955 ची बांडुंग परिषद, 1960 या एका वर्षात स्वतंत्र झालेले आफ्रिकेतले सतरा देश, शीतयुद्ध आणि 1991 मधला सोव्हिएत संघाचा शेवट, एका सकाळीत कसे मावणार?

त्या घाईतही एक गोष्ट टिकली, ती वर्गातल्या एका आजींमुळे. त्यांचे माहेर कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून आधी सोव्हिएत मुलखात आणि तिथून इराणमार्गे आलेल्या काही हजार निर्वासितांची छावणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. त्या गोऱ्या मुली बाजारात येऊन मराठीत भाव विचारत, हे आजींनी आईकडून ऐकले होते. सरांनी खडू खाली ठेवला आणि उरलेली दहा मिनिटे त्यांना बोलू दिले. असे शिक्षक विरळा.

टिपणांविषयी दोन सूचना आहेत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून वास्को द गामाला भारताची वाट दाखवणाऱ्या वाटाड्याचे नाव त्यांत ठामपणे छापले आहे. त्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि तसे तिथे लिहायला हवे. दुसरे म्हणजे, आपल्या इथली बरीच मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेली असतात आणि प्रबोधन, धर्मसुधारणा, सरंजामशाही या शब्दांशी त्यांची गाठ पहिल्यांदाच पडते. शेवटी चार पानांचा शब्दसंग्रह जोडला तर त्यांना अडखळावे लागणार नाही. बसायला सतरंजी आहे, खुर्च्या आठ-दहाच. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पावणेनऊला पोहोचावे.

केवळ गुणांसाठी येणाऱ्यांना हा वर्ग संथ वाटेल. ज्यांना पाच हजार वर्षे एकदा सलग डोळ्यांखालून घालायची आहेत त्यांनी दिवाळीनंतरच्या तुकडीत जरूर यावे. शेवटच्या दिवशी मी सरांना म्हटले, मध्ययुगाला आणि 1945 नंतरच्या काळाला एकेक रविवार वाढवा, शुल्कही वाढवा. “चौदा रविवार लोक टिकतील का, बाई?” त्यांनी विचारले. मी पुढच्या तुकडीसाठी आमची दोघींची नावे तिथेच लिहून दिली आणि नावांपुढे कंसात ‘चौदा’ असा आकडा घातला.